साडूभाऊंचं मोठं वळण

संयुक्त अरब अमिरातीत आजवर पुष्कळ माणसं पुष्कळ ठिकाणी सुखरूप गेली असतील; पण कुठेही न जाण्याचं काम माझ्या साडूंइतक्या सुरक्षितपणे दुसऱ्या कुणी केलं असेल असं मला वाटत नाही. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, आमच्या ताईंचे, यजमान. आम्ही दोघं एकमेकांना 'साडूभाऊ' म्हणतो. ते अजमानला राहत, आम्ही शारजाला. त्यांची नोकरी बांधकामावर सेफ्टी ऑफिसरची. म्हणजे दुसऱ्यांना थांबवण्याचा त्यांना पगार मिळे, आणि हे काम ते घरी आल्यावर फुकट करत. त्यांच्या घरी माळ्यावरचा डबा काढायचा तर एकाने स्टुलावर चढायचं, दुसऱ्याने स्टूल धरायचं आणि तिसऱ्याने नुसतं लक्ष ठेवायचं. गणपतीच्या आरतीला तबकाशेजारी आग विझवण्याचं लाल नळकांडं उभं असे आणि ताई त्यालाही हळदकुंकू वाहत. एकदा मी त्यांच्या हॉलमध्ये चप्पल शोधत उलटा चालत आलो, तर सोफ्यावरून हे ओरडले, "साडूभाऊ, मागे बघितल्याशिवाय रिव्हर्स घ्यायचा नाही!"

अशा माणसाने एक दिवस चाकांवरचं घर विकत घ्यावं हे आश्चर्यच होतं. मायदेशी परत निघालेल्या एका गोऱ्या कुटुंबाकडून त्यांनी ते घेतलं. साडूभाऊ त्याला ट्रेलर म्हणत आणि ताई 'मागची खोली' म्हणत. होतीही खोलीच: दोन बाकं, जी रात्री उघडली की बिछाने व्हायची, मागच्या टोकाला ओटा आणि शेगडी, एक खिडकी, एक दार, दाराखाली एक पायरी. आपल्या सात सीटच्या गाडीच्या मागच्या लोखंडी गोळ्याला ती अडकवायची आणि ओढत न्यायची. ती आली ती ताईंच्या हट्टापायी. ताईंचं सासर गुहागरचं, म्हणजे समुद्र अंगणापलीकडे. तरी त्यांना इथल्या समुद्रावर एक रात्र राहायचं होतं. मी चेष्टा केली तेव्हा त्या म्हणाल्या, "तिथला समुद्र सासरचा हो. लाटा बघत बसले की आतून हाक येते. मला एकदा सकाळी दार उघडून पायरीवर बसून चहा प्यायचाय. आम्ही तिघंच. पोरगी एकदा कॉलेजला गेली की कसली येते आमच्याबरोबर?" पोरगी म्हणजे माझी भाची, तेव्हा शाळेच्या शेवटच्या वर्षांत. ती कॅनडाला जायच्या आत ही एक सकाळ व्हायला हवी होती, एवढंच ताईंचं मागणं.

साडूभाऊंनी मनावर घेतलं. मात्र आधी ते शिकायला बसले. त्यांच्या इमारतीपलीकडे मोकळी वाळू होती, तिथे ट्रेलर उभा असे. दसऱ्याला त्याची पूजा झाली. चाकांखाली लिंबं ठेवायला त्यांची हरकत नव्हती, फक्त आधी चाकांना लाकडी ठोकळे लावून झाले पाहिजेत. सुटीच्या दिवशी सकाळी ते ट्रेलर उलटा नेण्याचा सराव करत. यात गंमत अशी की मागची गाडी डावीकडे वळवायची तर स्टिअरिंग उजवीकडे फिरवावं लागतं. साडूभाऊंना ते जमेपर्यंत त्या वाळूत नांगरल्यासारखे चर पडले. मी मागे उभा राहून हात करायचो. "तुम्हाला माझा आरसा दिसत नसेल तर मला तुम्ही दिसत नाही. आणि मला दिसत नाही ते माझ्या लेखी नाहीच," असं ते खिडकीतून ओरडून सांगत. लांब दांड्यांचे जादा आरसे त्यांनी गाडीला बसवले ते पुन्हा कधी काढलेच नाहीत. पार्किंगमध्ये त्यांची गाडी कान टवकारून उभी असल्यासारखी दिसे. उन्हाने टायर तडकतात म्हणून ट्रेलरच्या चाकांवर ताईंच्या जुन्या गोधड्या बांधलेल्या असत, आणि येणारेजाणारे या गाडीला थंडी वाजते का म्हणून विचारत.

पण साडूभाऊंची खरी ओळख म्हणजे मोठं वळण. मागे ट्रेलर असला की कोपऱ्यावर तो आतून कापत येतो, त्याची चाकं फुटपाथवर चढतात. म्हणून पुढच्याने थोडं सरळ पुढे जाऊन मग मोठं वळण घ्यायचं. हे त्यांच्या अंगात इतकं मुरलं की सुपरमार्केटमध्ये ट्रॉली ढकलतानासुद्धा ते डाळींच्या रांगेतून मसाल्यांच्या रांगेत जाताना असं लांबलचक वळण घेत, की समोरचा माणूस आपोआप भिंतीला लागे. भाची दहा पावलं मागे राहून म्हणे, "काका, प्लीज, आय डोन्ट नो हिम."

पहिल्यांदा ते निघाले त्या सकाळी मी निरोप द्यायला गेलो होतो. बेत डोंगरापलीकडच्या फुजैराच्या किनाऱ्याचा. ताईंनी एका रात्रीसाठी जो स्वयंपाक आणि शिधा घेतला तो मराठी घराला शोभेल असाच होता: तांदूळ, कणीक, कुकर, लोणच्याच्या बरण्या, आणि समुद्रावर ताज्या नारळाची चटणी करायची म्हणून चक्क पाटा-वरवंटा. लग्नानंतर हा पाटा गुहागरहून जहाजातल्या सामानात आला होता. हे सगळं कुठे ठेवलं? तर स्वयंपाकाचं सामान स्वयंपाकाच्या जागी, म्हणजे मागच्या टोकाला, ओट्याखाली. कुठल्याही बाईने तिथेच ठेवलं असतं. पण मागे वजन जास्त झालं की पुढची दांडी हलकी होते आणि ट्रेलर शेपूट हलवायला लागतो. मोठ्या रस्त्याला लागल्यावर तो तसा हलू लागला. साडूभाऊंनी ब्रेक दाबला नाही, पाय नुसता उचलला, स्टिअरिंग सरळ धरून ठेवलं, आणि वेग कमी होत होत गाडी कडेला शांत उभी राहिली. ताई पुढे कित्येकदा सांगत, "हे घामाने भिजले होते, पण हात हलला नाही हो." तो त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात शूर क्षण होता, आणि त्याचा उपयोग त्यांनी परत फिरायला केला.

त्यानंतर वजनाचा काळ सुरू झाला. आखाती देशातल्या प्रत्येक भारतीय घरात बॅग टांगून वजन करायचा काटा असतो, गावी जाताना विमानतळावर फजिती नको म्हणून. साडूभाऊ आता त्या काट्याला चादरी टांगू लागले, चहाचे डबे टांगू लागले. जड वस्तू मधोमध, चाकांच्या वरच्या भागात, तळाशी; हलक्या टोकांना. ट्रेलरच्या पुढच्या दांडीखाली न्हाणीघरातला वजनकाटा ठेवून ते आडवे पडून आकडा वाचत. ताई म्हणाल्या, "विमानवाले तरी एकदाच वजन करतात." पाटा-वरवंटा घरीच राहिला आणि चटणी मिक्सरमध्ये होऊ लागली. तिला चव नाही असं म्हणणारेही साडूभाऊच.

पण निघायचा दिवस येईना. उन्हाळ्यात टायर तापतात म्हणून नको, थंडीत सकाळी धुकं असतं म्हणून नको, आणि मधल्या दिवसांत मुलीच्या परीक्षा. "या सीझनला राहू दे, नेक्स्ट सीझन इन्शाल्ला," असं ते म्हणत. मी हसायचो खरा, पण आम्ही सगळे तिथे तसेच जगत होतो. बरा पलंग, बरी क्रोकरी, बरे दिवस, सगळं पुढच्यासाठी बांधून ठेवलेलं. साडूभाऊंनी फक्त त्याला चाकं लावली होती.

शेवटी भाचीला कॅनडातल्या कॉलेजात प्रवेश मिळाला, आणि ती जायच्या आधीच्या थंडीत तिघं पुन्हा निघाली. या वेळी सगळं चोख होतं. ट्रेलर सुटू नये म्हणून जादा साखळ्या लावलेल्या, दिवे तपासलेले, हवा मोजलेली. वाटेत जिथे पेट्रोल पंप येई तिथे उतरून साडूभाऊ ट्रेलरच्या चाकांच्या मध्यावर तळहात टेकवून बघत, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. डोंगर सुरू व्हायच्या आधीच्या पंपावर असेच उतरले, आणि त्यांचं लक्ष तिथल्या निशाणाकडे गेलं. निशाण ताठ फडफडत होतं. वाळू रस्त्यावरून सरकत होती. आडवा वारा रिकाम्या डब्यासारख्या ट्रेलरला ढकलतो, हे त्यांना पाठ होतं. पुढचं मला भाचीने सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, इट्स जस्ट विंड. एव्हरीवन इज गोइंग." साडूभाऊ म्हणाले, "एव्हरीवनचं मला माहीत नाही. माझ्या गाडीत तुम्ही दोघी आहात." आणि मोठं वळण घेऊन ते अजमानला परत आले. दुपारी तिघांनी इमारतीपलीकडच्या वाळूत, चाकांना ठोकळे लावून, ट्रेलरमध्ये बसून पुरीभाजी खाल्ली. पायरीवरून समोर गॅसची गाडी आणि कुणाच्यातरी बाल्कनीतले वाळत घातलेले कपडे दिसत होते. त्या दिवशी त्या रस्त्यावर कुणालाही काही झालं नाही, हे मी नंतर साडूभाऊंना सांगितलं. तेव्हा ते एवढंच म्हणाले, "काही झालं नाही याची बातमी येत नाही, साडूभाऊ. म्हणून आमच्या कामाला किंमत नसते."

भाची कॅनडाला गेली. पहिली सुटी आली तेव्हा तिला तिथेच काम मिळालं, दुसरीत तिचं येणं लांबलं, आणि तेवढ्यात साडूभाऊंची निवृत्ती आली. नोकरी संपली की तिथे राहायचं कारणही संपतं. घर आवरता आवरता सगळ्यात शेवटी ट्रेलर उरला. तो घेतला एका वसईच्या माणसाने. तो फुजैराला हॉटेलात काम करायचा, किनाऱ्याजवळ राहायचा, आणि मुलांसाठी त्याला हा हवा होता. तो म्हणाला, "अंकल, मी येऊन घेऊन जातो ना, डोन्ट वरी." साडूभाऊ त्याच्याकडे बघत राहिले. त्याने साखळ्यांचं एक अक्षर विचारलं नव्हतं. "नको," ते म्हणाले, "मी पोचवतो."

म्हणून त्या सकाळी आम्ही तिघं निघालो. पुढे साडूभाऊ आणि ताई, मागच्या सीटवर मी, हात करायला. डोंगराच्या आधीचा तोच पंप आला. साडूभाऊ उतरले, चाकांना हात लावून आले, आणि दाराशी थबकले. निशाण फडफडत होतं. वाळू सरकत होती. मला वाटलं, झालं, आता वळवणार. ताई समोर बघत बसल्या होत्या, मांडीवर चहाचा थर्मास घेऊन. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं, आणि तेच मला बघवेना. साडूभाऊ आत बसले, पट्टा लावला, एकदा त्या निशाणाकडे पाहिलं.

"हळू जाऊ," ते म्हणाले. "वाऱ्यात वेग अगदी कमी ठेवला की जाता येतं."

गाडी सुरू झाली. डोंगराचा पहिला चढ संपला. मग ताईंनी विचारलं, रागाने नाही, एखादी माहिती विचारावी तसं:

"अहो, तेव्हाही जाता येत होतं?"

साडूभाऊंनी लांब आरशात पाहिलं. ट्रेलर सरळ, शहाण्यासारखा मागून येत होता.

"येत होतं," ते म्हणाले.

या माणसाची मी इतकी वर्षं चेष्टा केली, पण इतका प्रामाणिक माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

किनाऱ्यावर साडूभाऊंनी ट्रेलर एका दमात उलटा घेऊन असा लावला की दार थेट समुद्राकडे. माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. चाकांना ठोकळे लावले, पाय लावून एकेक घट्ट केला. वसईचा माणूस म्हणाला, "अंकल, खलास, झालं ना?" "पाच मिनिटं द्या," साडूभाऊ म्हणाले, आणि त्या भल्या माणसाला काय समजलं कोण जाणे, तो आपल्या मुलांना घेऊन पलीकडे गेला. ताईंनी दार उघडलं. पायरीवर बसल्या. थर्मासमधला चहा झाकणात ओतून साडूभाऊंना दिला आणि आपल्याला स्टीलच्या पेल्यात घेतला. समोर लाटा येत होत्या. ताईंनी कॅनडाला फोन लावला, कॅमेरा समुद्राकडे धरला.

"आई! इज दॅट अवर ट्रेलर?" भाची किंचाळली. "ओ माय गॉड, यू गाइज मेड इट! फायनली! हाउ लाँग आर यू स्टेइंग?"

ताईंनी साडूभाऊंकडे पाहिलं. साडूभाऊ वाळूत उभे होते, हातात चहाचं झाकण.

"चहा संपेपर्यंत," ताई म्हणाल्या.

मग त्या हळूहळू चहा प्यायल्या. इतका हळू चहा पिताना मी कुणाला पाहिलेलं नाही. साडूभाऊंनी तर झाकण तोंडाला लावलंच नाही, नुसतं धरून उभे राहिले.

परतताना गाडी हलकी होती. ट्रेलर नव्हता, वजन नव्हतं, वाराही पडला होता. अजमानच्या पहिल्या गोल चौकात साडूभाऊंनी वेग कमी केला, सरळ पुढे गेले, आणि मग सावकाश ते मोठं वळण घेतलं, मागच्याला जागा ठेवून.

"अहो," ताई म्हणाल्या, "मागे काही नाही आता."

"हो की," साडूभाऊ म्हणाले.

पुढचा चौक आला. ताईंनी खिडकीबाहेर पाहिलं, मीही पाहिलं. साडूभाऊंनी लांब आरशात एकदा बघून घेतलं आणि तितकंच मोठं वळण घेतलं.