नानांचं माप

नाना कोणतीही वस्तू हातात घेतली की आधी डोळे मिटायचे. मग तिच्या कडेवरून अंगठा सावकाश फिरवायचे. चहाचा ग्लास असो, माझी वही असो, नाहीतर दुकानात आलेली नवी सीडी. पहिल्या दिवशी मला वाटलं, यांना दिसत नसावं. मी चहा दिला तर त्यांनी तो पिण्याआधी ग्लासच्या काठावर अंगठा फिरवला आणि म्हणाले, "हाऊ गोल नही शे. एक अंगे दबेल शे." मी ग्लास उजेडात धरून पाहिला. मला तो गोलच दिसला. चहा संपल्यावर त्यांनी तो कागदावर उपडा ठेवला, पेन्सिलीने भोवती रेघ काढली, ग्लास थोडा फिरवून पुन्हा काढली. दोन रेघा एकमेकींवर बसल्या नाहीत. कागदाची घडी करून त्यांनी माझ्यापुढे ठेवली.

ही गोष्ट नव्वदच्या दशकाच्या अगदी शेवटची, जळगावची. किशोरभाऊंच्या दुकानात सीड्यांच्या प्रती काढून त्यांच्या तोंडावर नाव, चित्र छापून देत. क्लासवाले, बियाण्याच्या कंपन्या, भजनी मंडळं, सगळ्या प्रकारचं गिऱ्हाईक यायचं. मी यावलजवळच्या खेड्यातली. वडील केळीचे घड कापायला आणि ट्रक भरायला जायचे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. संगणकावर छपाईची जुळणी करायचं मी शिकले होते, म्हणून दुपारनंतर तिथे काम करायचे. त्या कामावरच माझी खोली आणि खाणावळ चालायची. ते सुटलं असतं तर कॉलेजही सुटलं असतं. घरी स्थळं बघायला सुरुवात झालीच होती.

नाना मूळचे धुळ्याचे. तिथल्या कापडाच्या मिलमध्ये फिटर होते. मिल बंद पडली, पुढे बायको गेली, आणि ते जळगावला आले. दुकानामागच्या खोलीत राहायचे, रविवारी एसटीने धुळ्याला लेकीकडे जायचे. आमच्या दुकानातलं छापायचं मशीन मुंबईहून आणलेलं, परदेशी आणि कुणीतरी वापरून सोडलेलं. ते बिघडलं की नाना उघडायचे. त्यांना इंग्रजी येत नव्हतं. मशीनबरोबर आलेलं पुस्तक मी वाचून दाखवायचे. ते थोडा वेळ ऐकायचे आणि म्हणायचे, "ऱ्हाऊ दे बेटा. मी त्यालेच ईचारस." मग मशीनपुढे मांडी घालून बसायचे.

त्या मशीनला एकच माप माहीत होतं. नेहमीची मोठी, गोल सीडी. तिच्यासाठी एक ट्रे होता. ट्रेमध्ये सीडी ठेवायची, ट्रे आत सरकवायचा, छापून बाहेर यायचा. एक दिवस बियाण्याच्या कंपनीचा माणूस व्हिजिटिंग कार्डाएवढी चौकोनी सीडी घेऊन आला. अशा तीनशे छापून हव्या होत्या. मी तशी सीडी कधी पाहिली नव्हती. नानांनीही नव्हती. त्यांनी डोळे मिटून अंगठा फिरवला, चार कोपऱ्यांवर थांबत थांबत.

"किशोर, हाई काय सीडी शे का बिस्कुट?"

"सीडीच आहे नाना. लोकांना खिशात मावणारी पाहिजे आता."

"गरगर फिरनारी चीज गोल पाह्यजे. उद्या लोके चौकोनी चाकंनी गाडी मांगतीन, ती बी बनाडशी का?"

"गिऱ्हाईक आलं तर बनवू. तुम्ही आहात ना!"

मुंबईच्या विक्रेत्याने फोनवर सांगितलं की या मशीनला दुसरा ट्रे येतच नाही, नवं मशीन घ्या. किशोरभाऊ हिरमुसले. नानांनी मात्र मूळ ट्रे घेतला आणि तीन दिवस त्याची मापं काढली. मग ॲक्रिलिकचे दोन पत्रे आणले. खालचा अख्खा ठेवला, वरच्याला चौकोनी खिडकी कापली आणि दोन्ही चिकटवले. मधोमध सीडीच्या भोकासाठी खुंटी बसवली. सीडीचं तोंड ट्रेच्या बरोबर सपाटीत यायला हवं होतं. वर राहिली तर छापणारा भाग तिला घासणार, खाली गेली तर शाई पसरणार. त्यासाठी ते दिवसभर कानस घासत बसले. शेवटी ट्रेच्या एका कोपऱ्यात पांढऱ्या कागदाची टिकली लावली. मूळ ट्रेवरही तशीच खूण होती. ती दिसली की मशीनला कळायचं, ट्रे जागेवर आला.

मी म्हणाले, "म्हणजे आपण त्याला फसवतोय, नाना. त्याला वाटणार आत मोठीच सीडी आहे."

"फसाडतस नही, बेटा. समजाडतस."

संगणकावर मी मोठा गोल तसाच ठेवून त्यात फक्त चौकोनापुरतं चित्र बसवलं. पहिली सीडी छापून बाहेर आली. कडेला केसभरसुद्धा शाई सांडली नव्हती. किशोरभाऊंनी पेढे आणले. नानांनी पेढ्यावरूनही अंगठा फिरवला, आणि आम्ही सगळे हसलो. त्यानंतर लहान गोल सीडीचा ट्रे झाला. मग एका डॉक्टरांनी मुलीच्या लग्नाची आमंत्रणं बदामाच्या आकाराच्या सीडीवर काढायची ठरवली. नानांनी तो बदाम पेन्सिलीच्या टोकावर ठेवून फिरवून पाहिला. तो एका बाजूला कलायचा. "डॉक्टरले सांग, जपीसन फिरवजो," ते म्हणाले. ते सीडीबद्दल बोलत होते की लग्नाबद्दल, ते मला आजही सांगता येणार नाही. पण ट्रे त्यांनी नेमका बनवला.

नानांचा एक नियम होता. ॲक्रिलिक उन्हाने केसभर वाढतं, वाकतं, आणि जळगावचं ऊन तर माणसालाही वाकवतं. म्हणून त्यांनी ॲल्युमिनियमच्या पट्टीत एक खाच कापून ठेवली होती. कोणताही ट्रे मशीनमध्ये घालण्याआधी त्या खाचेतून सरकवून पाहायचा. अडला तर माठाशेजारी ठेवायचा आणि गार होईपर्यंत वाट बघायची. गिऱ्हाईक कितीही ओरडो. मिलमधले दिवस ते फारसे सांगत नसत. एकदाच म्हणाले, "तीस वरीस मिलमा ऱ्हायनू. मन्हा मापवर कोनी बोट ठेवं नही." सांगताना त्यांचा आवाज चढला नव्हता. घराचा पत्ता सांगावा तसं ते सांगितलं होतं.

एप्रिल आला. माझी शेवटच्या वर्षाची परीक्षा आठ दिवसांवर होती. त्या दिवशी सकाळपासून लाईट नव्हती. नाना एक खुंटी करून आणायला लेथवाल्याकडे गेले होते, किशोरभाऊ बाहेरगावी. मी टेबलावर अर्थशास्त्राच्या नोट्स पसरल्या होत्या. जागा व्हावी म्हणून चौकोनी सीडीचा ट्रे उचलून मीच खिडकीत ठेवला होता. दुपारी ऊन त्याच खिडकीत आलं. माझं लक्ष नव्हतं.

दोन वाजता लाईट आली. बियाण्याच्या कंपनीचा तोच माणूस समोर बसून होता. त्याला संध्याकाळच्या मेळाव्यासाठी आणखी सीड्या हव्या होत्या.

"ताई, लाईट पुन्हा गेली तर? माझी जीप खाली उभी आहे."

मी ट्रे घेतला. तो हाताला गरम लागला, हे मला कळलं होतं. पट्टी भिंतीला टांगलेली होती. उठून चार पावलं जावं लागलं असतं. मी गेले नाही. ट्रे मशीनमध्ये सरकवला. तो अर्धा आत गेला, आतून करकर आवाज आला आणि तो अडला. मी घाबरून ओढला. आत काहीतरी तुटलं.

नाना आले तेव्हा तो माणूस रागाने निघून गेला होता आणि मी मशीनपुढे नुसती उभी होते. त्यांनी ट्रे हातात घेतला. डोळे मिटले, अंगठा फिरवला. मग डोळे उघडून खिडकीकडे पाहिलं, नोट्सकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. संध्याकाळी किशोरभाऊ आले. मशीन उघडून बघताना त्यांचा चेहरा उतरत गेला.

"कोणी केलं हे?"

मी काही बोलायच्या आत नाना म्हणाले, "ट्रे मन्हा शे. माप मन्हं चुकनं."

"तुमचं? माप? नाना, तुमचं?"

"वय व्हयनं आते."

माझे ओठ उघडले होते, एवढं मला आठवतं. मागे दुकानातल्या एका मुलाच्या हातून संगणकाचा पडदा फुटला, तेव्हा किशोरभाऊंनी त्याला त्याच दिवशी घरी पाठवलं होतं. ते माझ्या डोळ्यांपुढे होतं. आठ दिवसांवर परीक्षा होती. आज नको, परीक्षा झाली की सांगू, असं मी मनात म्हटलं आणि ओठ मिटले.

किशोरभाऊ वाईट माणूस नव्हते. पण मशीन दुरुस्त होण्यासारखं राहिलं नव्हतं, कंपनीचं काम गेलं होतं आणि गावात बोभाटा झाला होता. चार दिवसांनी ते नानांना म्हणाले, "आता आराम करा, नाना. पुष्कळ झालं." नानांनी एका पिशवीत कपडे भरले, दुसरीत कानशी. जिन्याजवळ मला म्हणाले, "पेपर निवांत लिही. घाई करू नको." मी त्यांच्या पाया पडायला वाकले, तर त्यांनी पाय मागे घेतले. रागाने घेतले की नेहमीसारखे संकोचाने, ते मला कळलं नाही.

निकाल लागल्यावर जूनमध्ये मी धुळ्याला गेले. त्यांच्या लेकीचं, सुनंदाअक्कांचं घर दोन खोल्यांचं. नाना खाटेवर पडून होते. मिलमधल्या कापसाच्या धुळीने छाती आधीच खराब झालेली, आता दम फार लागायचा. अक्का पाणी भरायला गेल्या तेव्हा मी सगळं सांगितलं. रडतच सांगितलं असणार.

"माले म्हाईत शे," ते म्हणाले. "ट्रे ऊन व्हता."

मला वाटत होतं, आता ते म्हणतील, जाऊ दे पोरी. ते तसं म्हणाले नाहीत.

"माले काय सांगस? किशोरले सांग." दम घेऊन ते पुन्हा बोलले. "आठे मिलना लोके येतस. ईचारतस, नाना, तुन्हं माप कसं काय चुकनं? मी काय सांगू त्यास्ले? तुन्ही परीक्षा व्हती, तवलोंग मी बोलनू नही. आते परीक्षा व्हई गई ना?"

"सांगते, नाना. उद्याच सांगते."

"सांग बेटा."

जळगावला आले आणि उद्याचा परवा झाला. मी पुढच्या शिक्षणासाठी नाव घातलं, किशोरभाऊंनी मला कामावर ठेवलं, नव्या मशीनची बोलणी सुरू झाली. ते मला घरच्यासारखं वागवायचे. तेवढ्यानेच माझी जीभ आणखी जड व्हायची. प्रत्येक सकाळी मी ठरवायचे आणि प्रत्येक संध्याकाळी खोलीवर परत यायचे. असा जुलै गेला. ऑगस्टमध्ये एका दुपारी दुकानातला फोन वाजला. किशोरभाऊंनी ऐकून ठेवला आणि म्हणाले, "नाना गेले."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं द्वारदर्शनाला निघालो. आमच्याकडे मयताच्या घरी भेटायला जातात, त्याला तसं म्हणतात. एसटीत, पारोळ्याच्या आसपास, मी किशोरभाऊंना सांगितलं. सगळं, नोट्सपासून. त्यांनी एकदाच माझ्याकडे पाहिलं. मग खिडकीकडे तोंड केलं ते धुळे येईपर्यंत वळवलं नाही.

अक्कांच्या दारापुढे सतरंजी टाकली होती. मिलमधले सात-आठ म्हातारे बसले होते. नानांच्या जुन्या गोष्टी चालल्या होत्या. त्यांतला एक, पांढऱ्या टोपीचा, म्हणाला, "मानूस सोनाना व्हता. पन शेवटले जळगावले हात चुकना त्याना." बाकीच्यांनी माना हलवल्या. किशोरभाऊ माझ्याकडे बघत होते.

मी उभीच होते. "नव्हता चुकला," मी म्हणाले. आवाज इतका लहान आला की मला पुन्हा बोलावं लागलं. "नानांचं माप चुकलं नव्हतं. चूक माझी होती. त्यांनी स्वतःवर घेतली."

दारात उभ्या असलेल्या अक्कांनी पदर तोंडाशी धरला. पांढऱ्या टोपीचे आजोबा माझ्याकडे वळले.

"मंग तव्हय का नही बोलनी?"

"परीक्षा होती," मी म्हणाले.

"पास व्हयनी का?"

"हो."

त्यांनी मान हलवली. मग पाय जवळ ओढून घेतले आणि सतरंजीवर मला बसायला जागा करून दिली.