नांदती बहीण

जून १९७४, पहिला सोमवार, सकाळी. जागा: नर्सिंग शाळेच्या इमारतीतली मागची खोली. हजर: मेट्रनबाई, एक डॉक्टर, निवड समितीवरचे एक टोपीवाले गृहस्थ, टिपणं घेणारा कारकून, मी, आणि नंतर आत बोलावलेला माझा थोरला भाऊ. गैरहजर: माझा नवरा. तो येणारच नव्हता. त्याच्या नसण्यावरच माझी सगळी मदार होती.

कसं ते सांगते. शाळेला कोवळ्या मुली हव्या असत. वयाची अट मी केव्हाच ओलांडली होती. पण विधवांना आणि नवऱ्याने टाकलेल्या बायकांना काही वर्षांची सूट होती, आणि त्या सुटीतही माझं ते शेवटचं वर्ष होतं. मी टाकलेली होते. सासर जेऊरकडचं. नवऱ्याने दुसरी बाई घरात आणली आणि एका सकाळी माझी पत्र्याची पेटी बैलगाडीत घालून मला स्टेशनवर आणलं. सोलापूरचं तिकीट त्यानेच काढलं, खिडकीशी जागाही पाहून दिली. मूलबाळ नव्हतं, त्यामुळे वाद घालायलाही कोणी आलं नाही.

तेव्हापासून मी शुक्रवार पेठेत भावाच्या दोन खोल्यांत राहत होते. दादा मिलमध्ये टाइमकीपर. घरात वैनी आणि त्यांची मुलगी, माझी भाची. बोळात कोणी विचारलं तर घरातून एकच उत्तर जायचं: माहेरपणाला आलीय. पहिल्या वर्षी लोकांना ते खरं वाटलं. पुढे ते खरं वाटतं असं दाखवू लागले. आमच्याकडे रीतच तशी. टाकलेली बहीण घरात भाकऱ्या थापत असली तरी तो शब्द घरातल्यांनी उच्चारायचा नाही आणि शेजाऱ्यांनी पुढे विचारायचं नाही. माझं माहेरपण इतकं लांबलं की संक्रांतीला शेजारणी मला वाण द्यायला यायच्या आणि जाताना म्हणायच्या, "आता पाव्हणं न्यायला येतील की!" मी म्हणायची, "येतील की."

शाळेची बातमी दादानेच आणली. मिलमधल्या एकाची मेहुणी तिथे शिकत होती. जेवायला बसण्याआधी त्याने मला बोलावलं.

"हितं ये. तुझं काम हाय. नर्सिंगच्या शाळेत तुझ्यासारखीला वयाची सूट हाय. तुझ्यासाठीच केल्यागत हाय बघ."

"पर दादा, त्यात 'टाकलेली' म्हणून सांगावं लागंल की."

"मग? हायेसच की तू."

वैनींनी पातेल्यावरचं झाकण उचललं आणि उगाचच परत ठेवलं. इतक्या वर्षांत तो शब्द आमच्या घरात पहिल्यांदाच बोलला गेला होता. मला वाईट वाटलं नाही. उलट कोणीतरी खिडकी उघडल्यासारखं वाटलं.

मी कामाला लागले. जुनी अकरावी मी लग्नाआधी पास झाले होते, पण अपूर्णांक विसरले होते आणि इंग्रजीचं नुसतं वळण हातात राहिलं होतं. मी आठवड्याची विभागणी केली. सकाळी गणित, कारण तेव्हा दादा घरी असायचा. दुपारी शरीरशास्त्र आणि आरोग्य, कारण तेव्हा हात कामात असले तरी तोंड मोकळं असायचं. मी टॉवेलांच्या दशांना गाठी मारायचं काम घरी आणत असे. मांडीवर टॉवेल, समोर भिंतीला टेकवलेलं पुस्तक. बरगड्या, मणका, फुप्फुस, यकृत. पलीकडच्या दारात विड्या वळत बसणारी तेलुगू शेजारीण माझं पाठांतर ऐकून ऐकून इतकी तयार झाली की मी अडखळले की तिकडून आवाज यायचा, "स्वादुपिंड राहिलं की, सिस्टर!" बोळात मला सिस्टर म्हणणारी ती पहिली. वैनींनीही मग तेच धरलं. "सिस्टरबाई, ताप बघता का जरा? चूल गरम लागतीया."

दादा शिकवायला कडक होता. चुकलं की तो ओरडायचा नाही, नुसता पाटीवरचं पुसायचा आणि पुन्हा तेच गणित घालायचा. मिलच्या भोंग्याआधी एक उदाहरण तरी सुटलंच पाहिजे, असा त्याचा नेम. आमच्या वडलांनी त्याला पुढे शिकवलं आणि मला अकरावीनंतर उजवून टाकलं, याचं त्याच्या मनात काही असावं. कधी बोलला नाही. पण रस्त्यावर कोणी भेटलं की मला पुढे करून म्हणायचा, "हिची परीक्षा हाय."

लेखी झाली. माझा नंबर फळ्यावर लागला. त्या संध्याकाळी दादाने सात रस्त्याच्या चौकातून भजी आणली, आणि कागद उलगडताना म्हणाला, "आता तोंडी. तितं तुझी खरी परीक्षा हाय."

खरी ती का, हे त्याने बरोबर ओळखलं होतं. गणितात मी अडखळणार नव्हते. त्या एका वाक्यात अडखळणार होते. म्हणून आम्ही त्याचीच तालीम सुरू केली. दादा खुर्चीवर बसायचा, वैनींचा चष्मा नाकावर लावायचा आणि आवाज जाड करायचा.

"बाई, तुमचे पती कुठे असतात?"

"त्यांनी..." मी थांबायची.

"परत."

"त्यांनी मला..."

"मान वर. मेट्रन हाय समोर, सासू न्हाय. परत."

"त्यांनी मला टाकलं आहे. मी भावाकडे राहते."

किती वेळा म्हटलं असेल देव जाणे. पहिल्यांदा रडू आलं. मग नुसता आवाज कापायचा. शेवटी ते वाक्य भाजीचा भाव सांगावा तसं बाहेर पडायला लागलं. दादाने चष्मा काढला आणि म्हणाला, "बास. आता मी मागनं येतो आनि 'व्हय, खरं हाय' म्हनतो. तुझं काम झालं." पालकाने सोबत येऊन उमेदवाराचं म्हणणं खरं आहे असं सांगायचं, अशी शाळेची पद्धत होती.

त्याच सुमारास भाचीचं ठरत होतं. स्थळ बार्शीकडचं, चांगलं. बैठकीच्या दिवशी वैनींनी मला सकाळीच मंडईत पाठवलं, आणि पिशवी हातात देताना म्हणाल्या, "वन्सं, येताना देवळात बसा जरा. उशीर झाला तरी चालंल." मला समजलं. सोयरिकीच्या बैठकीत माझ्यासारखी समोर नको. मी रागावले नाही. देवळाच्या ओट्यावर बसून जखम धुण्याची पद्धत पाठ केली आणि पाहुणे गेल्यावर घरी आले. सोयरीक पक्की झाली होती.

आता त्या सोमवारबद्दल.

डॉक्टरांनी विचारलं ते सगळं आलं. मेट्रनबाईंनी हात पालथे करून नखं पाहिली. टोपीवाले गृहस्थ घड्याळ पाहत होते. मग मेट्रनबाई म्हणाल्या, "वय जास्त आहे तुमचं. सूट कशावर मागता?"

मी मान वर ठेवली. "माझ्या नवऱ्याने मला टाकलं आहे. मी भावाकडे राहते."

आवाज कापला नाही. कारकुनाने लिहून घेतलं. मेट्रनबाईंच्या चेहऱ्यावर मऊपणा आला, तो मला अजून दिसतो. त्या म्हणाल्या, "बरं. भावाला बोलवा."

दादा आत आला. इस्त्रीचा शर्ट, हातात टोपी. दोन पावलं आला आणि थबकला.

"अरे, पाव्हणं! तुमी हितं कसं?" टोपीवाले गृहस्थ खुर्चीतून अर्धे उठले.

दादाने नमस्कार केला. त्याच्या कपाळावर घाम आलेला मी पाहिला.

मेट्रनबाईंनी विचारलं, "या तुमच्या कोण?"

"धाकटी बहीण."

"यांना नवऱ्याने सोडलंय, असं त्या म्हणतात. खरं आहे?"

दादाने माझ्याकडे पाहिलं नाही. टोपीवाल्यांकडे पाहिलं. मग ऑफिसात बोलायचा तसा स्वच्छ, सावकाश बोलला.

"नाही बाई. माझी बहीण नांदती आहे. पाहुणे फिरतीच्या नोकरीवर असतात, म्हणून ती सध्या आमच्याकडे असते. माहेरपणाला."

मी "दादा" एवढंच म्हणाले. कारकुनाने लिहिलेल्या ओळीवर आडवी रेघ मारली. मेट्रनबाईंचा चेहरा बंद झाला. "बाई," त्या मला म्हणाल्या, "इथे माणसाच्या जिवाशी गाठ असते. खोटं बोलणारी मुलगी मला वॉर्डात नको. या तुम्ही."

आम्ही चालत सात रस्त्यापर्यंत आलो. दादाने एका रसवंतीत दोन ग्लास सांगितले. मी माझ्या ग्लासाला हात लावला नाही.

"त्यो टोपीवाला म्हंजे पोराचा मामा हाय," दादा म्हणाला. "बैठकीला आपल्या घरात जेवून गेला. त्यानंच इचारलं, बहिनी किती? मी सांगितलं, एक, जेऊरकडं दिलीया, नांदती हाय. आता त्याच्यापुढं मी काय बोलायचं व्हतं?"

"जे आपण घरी घोकलं ते."

"आन पोरीचं लगीन? आत्या टाकलेली म्हनल्यावर पोरगी कोन घेतंय?"

"मग मला कशाला बोलायला लावलंस? इतकं दिस कशाला घोकून घेतलंस?"

"मला काय सपान पडलं व्हतं का त्यो तितं असंल म्हनून?" त्याने रसवाल्याला पैसे दिले. "हिचं लगीन होऊ दे. फुडल्या वर्षी मी सोता येतो, त्या मेट्रनबाईच्या पाया पडतो."

"फुडल्या वर्षी मी सुटीतबी बसत न्हाय, दादा. हिशेब तूच मांडला व्हतास."

त्याला ते माहीत होतं. माझं वय माझ्यापेक्षा त्याला पक्कं ठाऊक होतं. त्याने माझा ग्लास ओढून घेतला आणि तोही पिऊन टाकला, वाया जाऊ नये म्हणून.

घरी पोचलो तेव्हा वैनी दारातच उभ्या होत्या, मागे भाची. मी पायरी चढायच्या आत दादा बोलून मोकळा झाला.

"न्हाय जमलं. मोठी मानसं समोर बघून जीभच लुळी पडली हिची. एक शबूद फुटला न्हाय."

मी भाचीकडे पाहिलं. तिने मला बिलगून "आत्या" म्हटलं. तिच्यासमोर खरं सांगायचं म्हणजे तिच्या लग्नावरच बोट ठेवायचं. दादाला हे माहीत होतं, म्हणूनच तो दारात बोलला. वैनी रात्रभर माझी समजूत घालत होत्या. "वन्सं, जाऊ द्या. मोठ्या लोकांपुढं मलाबी बोलता येत न्हाय. बायामानसांचं तसंच हाय." त्यांची माया खरी होती. तीच सर्वात जास्त टोचली.

लग्न तुळशीच्या लग्नानंतर झालं. मला त्या वेळी कोणी देवळात पाठवलं नाही. मी नांदती होते, त्यामुळे सवाष्णींच्या पंगतीत मला मानाने बसवलं. ते टोपीवाले मामा वाढप पाहत फिरत होते. माझ्यापाशी थांबले.

"काय ताई, नोकरीपायी जित्या नवऱ्याला सोडून दिलंत की! लई धाडसी हाय तुमी!"

पंगत हसली. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, सोयऱ्यांची थट्टा करायची म्हणून केली. मी वर पाहिलं. दादा तुपाची वाटी घेऊन पलीकडे उभा होता. तोही हसला. त्या सोमवारी खोलीत जे झालं ते भीतीने झालं, असं मी मनाला समजावत आले होते. हसण्याला काय समजूत घालायची?

पुढच्या वर्षी मी एका प्रसूतिगृहात आया म्हणून लागले आणि अजून तिथेच आहे. काम मला आवडतं. भाची सुखात आहे, तिची मुलं मला आज्जी म्हणतात. दादा निवृत्त झालाय, गुडघे धरलेत. मी रविवारी जाते, त्याची औषधं आठवड्याच्या वारांप्रमाणे लावून देते, वैनींचं रक्तदाबाचं कार्ड पाहते. बोळात त्यांच्या दारात आता माहेरपणाची चौकशी कोणी करत नाही.

मागच्या रविवारी वैनी नातीला तिच्या तोंडी परीक्षेसाठी धीर देत होत्या. म्हणाल्या, "घाबरू नको बाई. तुझ्या आज्जीला बघ, सगळं येत व्हतं, पर आयत्या वक्ताला जीभ लुळी पडली." दादा कॉटवर होता. त्याने भिंतीकडे तोंड केलं. मी त्याची मंगळवारची गोळी बुधवारच्या खणात टाकली, ती काढून परत ठेवली आणि निघाले.

वैनींना सांगायचं आहे की मी बोलले होते. मान वर करून, एकही शब्द न चुकता, सगळ्यांसमोर बोलले होते. दादा जिवंत असताना, त्याच्यासमोर सांगायचं आहे. त्या रविवारी नात घरी होती, म्हणून राहिलं. त्याआधीच्या रविवारी वैनींना बरं नव्हतं. कामांच्या यादीत ते दर आठवड्याला खाली सरकतं. अजून झालेलं नाही.