बंद घराची मोजणी

भूतखेत, मुंजा, हडळ... हा प्रांत माझा नाही. मी वकील माणूस. कुणी असली गोष्ट सुरू केली की "साक्षीदार आणा" म्हणतो आणि त्याचं तोंड बंद करतो. तेव्हा पुढची हकीकत मी थट्टेनं लिहिलेली नाही, आणि भिऊन तर मुळीच नाही!

नाशकात भद्रकालीच्या मागच्या बोळात गंगूबाई माळिणीचं दोन खोल्यांचं घर. नवरा वारलेला, बाजारात फुलं विकून ती पोरं वाढवत होती. शेजारच्या शेटजींनी तिच्या मागच्या खोलीवर दावा लावला — ही मंडळी घर टाकून गेली, खोली मूळ आमची, यांनी परत येऊन बळकावली. चोराच्या उलट्या बोंबा!

"टाकून नव्हतं वो गेलो, वकीलसाहेब," गंगूबाई म्हणाली. "सासूबाई पंचकात गेल्या. भटजी म्हणले, काही महिने घर बंद ठेवा. म्हणून कुलूप लावून नांदगावला माहेरी ऱ्हायलो. आता खोली गेली तर पोरं घेऊन मी निजू कुठं?"

नेमकी त्याच दिवसांत शहराची सरकारी मोजणी झालेली. घर बंद, म्हणजे शेजारी सांगेल ते मोजणीदार लिहिणार... शेटजींनी तिथंच हात मारला असणार, अशी माझी खात्री. कचेरीत अर्ज करून कागद काढले, तर नकाशात दोन्ही खोल्या गंगूबाईच्याच घरात! आतली मापं, चुलीची जागा, सगळं बिनचूक. खाली जबाब — 'दार घरातील बाईने उघडले. मागील खोली आमची, भिंत माझ्या नवऱ्याने बांधली, असे सांगितले.'

मी खूश! नक्कल घेऊन थेट बाजार गाठला आणि गंगूबाईला उभ्या उभ्या वाचून दाखवली. शेवटी त्या बाईचं नाव होतं, कोंडाबाई. गजरा ओवता ओवता गंगूबाईचा हात थांबला.

"अवो... पण पंचकात गेल्या त्या सासूबाई ह्याच की!"

"मग किल्ली कोणाकडे होती?" मी खेकसलो.

"माझ्या कमरंला!"

तारखांचा घोळ असणार म्हणून तणतणत म्युनिसिपालिटीत गेलो, मृत्यूची नोंद काढली. मोजणीच्या कितीतरी आधी बाईंना अग्नी दिलेला. खरं सांगतो, ती नोंद मी तीनदा वाचली आणि मगच तिची नक्कल घेतली.

लपवाछपवी माझ्या स्वभावात नाही. दोन्ही नकला कोर्टात दाखल केल्या, म्हटलं अर्थ कोर्टानं लावावा. शेटजी पिंजऱ्यात आले तेव्हा मी जबाब मोठ्यानं वाचला आणि विचारलं, "मोजणीच्या दिवशी तुम्ही कुठे होता?"

"बो... बोळात."

"दार कोणी उघडलं?"

न्यायाधीशांनी दरडावून पुन्हा विचारलं, तेव्हा त्यांनी हात जोडले.

"साहेब, कोंडाबाईला मी खांदा दिला होता हो... मला नको ती खोली. दावा काढून घेतो."

माझे वकीलमित्र म्हणतात, मोजणीदारानं घरबसल्या जबाब रचला असेल. असेल! मग आतली मापं त्याला कोणी दिली? आणि शेटजींनी काय पाहिलं? मला उलगडा झालेला नाही, होईलसं वाटतही नाही. गंगूबाईची खोली राहिली, एवढं मला पुरे.

कोर्टाबाहेर शेटजींना मात्र मी गाठलंच. म्हटलं, "अहो, डोळ्यांनी पाहिलंत, तरी दावा लावायची छाती कशी झाली?"

शेटजी मान खाली घालून म्हणाले, "मला वाटलं, मला एकट्यालाच दिसली."