पाणी हाय का बघ

दुधाची किटली रिकामी झाली की तात्या टॉवेलला हात पुसायचे, बंडीच्या आतून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली वही काढायचे आणि माझ्यापुढं धरून म्हणायचे, “बघ सूनबाई, पाणी हाय का?”

मी लासुर्ण्यात दूध संकलन केंद्र चालवते. लोकांच्या दुधात पाणी शोधणं हा माझा रोजचा धंदा. जो सकाळी सकाळी फार गोड बोलतो, त्याचं दूध मी दोनदा तपासते. वही तपासायला देणारा मात्र हा एकच माणूस भेटला. नाव सांगत नाही; वस्तीतली सून म्हणून ते मला सूनबाई म्हणायचे. तात्या प्रत्येक वस्तीत असतात, तुमच्याही असतील.

तात्या प्यायचे. पिऊन लपवणं त्यांना कधी जमलं नाही, शपथा मात्र भरपूर जमायच्या. सकाळी घेतलेली शपथ दिवेलागणीपर्यंत टिकली तर टिकली.

पौर्णिमेला आमच्या विहारात वंदना असते. पंचशील म्हणताना तात्यांची पहिली चार शीलं अशी खणखणीत की बाकीच्यांचे आवाज ऐकूच येऊ नयेत. पाचवं आलं, नशापाण्यापासून लांब राहण्याचं, की तोंड मिटून पंख्याकडं बघत बसायचे. एकदा कुणीतरी डिवचलंच, “तात्या, पाचवं इसारला जणू?”

“इसारलो न्हाय. पर खोटं बोलनार न्हाय म्हनून चौथं आत्ताच म्हनलोय. लगीच पाचवं कसं म्हनू?”

अख्खा विहार हसला. त्यांची बायको, आमच्या काकी, तेवढ्या हसल्या नाहीत. पुढं एक दिवस त्यांनी पिशवी भरली आणि इंदापूरला लेकीकडं निघून गेल्या.

रिकाम्या घराचा धसका घेऊन तात्या आपणहून बारामतीच्या व्यसनमुक्ती केंद्रात गेले. परत आले तेव्हा सदरा अंगावर टांगल्यासारखा दिसत होता आणि हातात ही वही होती. तिथल्या मॅडमनी सांगितलं होतं, दिवसभरात काय झालं, मनात काय आलं, ते रोज लिहायचं आणि कुणाला तरी वाचून दाखवायचं. काकींचा निरोप फोनवर आला, “तुमचं बोललेलं लई ऐकलं. आता लिवून दावा. पटलं तर यीन.”

वाचून दाखवायला त्यांनी मला निवडलं. का, म्हणून विचारलं तर म्हणाले, “तुला पानी कळतं.”

सगळ्यांचं दूध घालून झालं की आमचं वाचन चालायचं. एक पान मला अजून पाठ आहे. ‘म्हशीनं लाथ मारली. राग आला. राग म्हशीचा न्हवता. घरात बोलायला कुनी न्हाय त्याचा हुता.’ दुसरं एका लग्नाचं होतं. ‘वरातीत नाचलो न्हाय. बिनपिता मला नाचाय येत न्हाय हे आज कळलं.’ मी हसून म्हणायचे, “तात्या, फॅट झकास लागली.” तेवढ्यावर म्हातारा दिवसभर खूश असायचा.

रविवारी एसटीनं ते इंदापूरला जायचे. काकी दारातच वही घ्यायच्या, वाचायच्या, परत द्यायच्या. पुढं शब्द नाही. एका सोमवारी तात्या कुस्ती मारल्यासारखे माझ्या केंद्रात आले. “चा दिला!” म्हणाले.

मग एका रविवारी काकी म्हणाल्या, “पुढल्या रविवारी बघू. पिशवी भरून ठिवते.”

तात्यांनी घर सारवून घेतलं, नवी चादर आणली. आणि त्याच शनिवारी वही पुढं करताना त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. पानावर लिहिलं होतं, ‘आज समदं चांगलं झालं. समदी मानसं चांगली हायत. मन लई परसन्न.’

म्हैस नाही, राग नाही, कुणाची तक्रार नाही. पान मी दोनदा वाचलं. सासऱ्यांच्या जागी मानत होते मी त्यांना.

“तात्या, पाणी आहे.”

“किती?”

“वरपासून खालपर्यंत.”

ते पालथ्या कॅनवर बसले. मग पावत्या लिहायचं माझं पेन मागून घेतलं आणि त्याच पानाखाली लिहिलं, ‘काल प्यालो. कुनी पाजली न्हाय. ती येनार म्हनून खूश हुतो. आन येऊन पुन्ना गेली तर, म्हनून भ्यालो.’

मला राहवलं नाही. म्हटलं, “उद्या जाऊ नका. तब्येत बरी नाही म्हणून कळवा. पुढच्या रविवारी चांगली पानं घेऊन जा.”

“व्वा गं सूनबाई! तूच पानी दावलंस, आन तूच घालाया सांगतीस व्हय?”

रविवारी संध्याकाळी मी काही कारण नसताना फाट्यावर उभी होते. एसटीतून आधी काकी उतरल्या, मागून त्यांची पिशवी घेऊन तात्या. मी हळूच विचारलं, “काकी, ते पान वाचलं ना?”

“वाचलं म्हनून तर आले. पिऊन घरी आलेला मानूस लई येळा बघितला. पिऊन आपल्या हातानं खरं लिवनारा पैल्यांदा बघितला.”

त्यानंतरच्या पौर्णिमेलाही तात्या पाचव्याला गप्पच राहिले. “आजून ताजं हाय,” म्हणाले. कित्येक पौर्णिमा गेल्या. मग एकदा त्यांनी ते म्हटलं, आणि असं ठणकावून म्हटलं की पुढं बसलेलं एक तान्हं दचकून रडायला लागलं. त्या दिवशी काकी पदर तोंडाला लावून हसल्या.

पुढं दोघं सुखानं भांडत राहिली. वही रोज यायची. भांडण त्यात सविस्तर असायचं, चूक बहुतेक तात्यांची.

गेल्या हिवाळ्यात तात्या झोपेतच गेले. सकाळी धारेची वेळ टळली तशी म्हैस रेकायला लागली, तेव्हा काकी त्यांना उठवायला गेल्या आणि कळलं. मी फार रडले. अजूनही पाचवं शील आलं की माझे कान त्यांच्या आवाजाकडं लागतात.

काही दिवसांनी किटली घेऊन काकी स्वतः आल्या. दूध नेहमीसारखंच चोख होतं. रांग संपेपर्यंत त्या बाजूला थांबल्या. मग पदराआडून तीच प्लॅस्टिकची पिशवी काढली.

“बघ सूनबाई, पाणी हाय का?”

तात्यांच्या शेवटच्या पानानंतर पुढच्या पानावर मोठाल्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘मी बरी हाय. जेवान जातं. झोप लागती. लेक फोन करती. काळजीचं काय न्हाय.’

मी दोनदा वाचलं. म्हटलं, “काकी, पाणी आहे.”

“ठाव हाय,” त्या म्हणाल्या. कॅन पालथा घालून त्यावर बसल्या आणि माझ्यापुढं हात केला. “पेन दे.”