वॉचमनला काय म्हणायचं

तक्रार आवाजाची होती. पुण्याजवळ मारुंजीतल्या त्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर आयटीतली मुलं राहायची आणि घरूनच काम करायची. वरच्या खोलीत रोज दुपारी कोणीतरी फरशीवरून लोखंड ओढतं, मीटिंगमध्ये व्यत्यय येतो, असं त्यांनी घरमालकांना सांगितलं. मालकांनी आमच्या संस्थेला कळवलं आणि संस्थेने मला पाठवलं.

दुसरा मजला संस्थेने भाड्याने घेतला होता. तिथे दुसऱ्या देशांतून जीव वाचवून आलेल्या आणि आश्रयासाठी अर्ज करून वाट बघत असलेल्या बायका राहायच्या. त्यांचं इंग्रजी मराठीत आणि समोरच्याचं मराठी इंग्रजीत सांगायचं, हे माझं काम. बोलणारे दुसरेच असायचे, त्यामुळे ते मला जमायचं.

मी दार वाजवलं. आतून आधी तो ओढल्याचा आवाज आला, मग दार उघडलं. गॅसचा सिलिंडर होता. खोलीतली बाई अफगाण, माझ्याहून थोडी मोठी, तिकडे फार्मसी शिकत होती. दारापासून शेगडीपर्यंत फरशीवर राखाडी ओरखडे उमटले होते.

"झोपताना आणि अंघोळीला जाताना दाराला लावते," ती म्हणाली. आमचं बोलणं इंग्रजीत चालायचं.

आतली कडी निखळली होती. ती दुरुस्त करायला सांगायचं तर वॉचमनला, आणि कुलूप किल्लीने बाहेरून उघडायचा तोही वॉचमनच. प्रत्येक खोलीची दुसरी किल्ली खालच्या ऑफिसात खिळ्याला टांगलेली असायची. एकदा तो गिझर बघायला आला, एकदा टाकीचं पाणी येतंय का ते बघायला. तिसऱ्यांदा त्याने काही कारण सांगितलं नाही.

"काय करतो?" मी विचारलं.

"उभा राहतो."

ती दुसरी किल्ली तिला स्वतःकडे हवी होती. तिचं मागणं तेवढंच होतं.

आम्ही खाली गेलो. ऑफिसात मालक, भिंतीवर जमिनीचे नकाशे, नकाशांच्या बाजूला किल्ल्यांची फळी. मालकीणबाई दाराशी खुर्ची घेऊन मेथी निवडत होत्या. वॉचमन जेवायला गेला होता.

ती बोलली, मी मराठीत सांगितलं, "मामा तिच्या खोलीचं दार उघडतात."

नव्या बायका राहायला आल्या की आम्ही पहिल्या दिवशी त्यांना काही शब्द शिकवायचो. पाणी, दवाखाना, रिक्षा, नको. त्यातच, वॉचमनला मामा म्हणायचं. मला शाळेत असंच शिकवलं होतं. स्कूलबसचे मामा, गेटवरचे मामा, प्रयोगशाळेतले मामा. नातं लावलं की माणूस नीट वागतो, अशी समजूत. शिवाय इंग्रजीत पुरुषाला एकच सर्वनाम आहे. मराठीत तो की ते हे निवडावं लागतं, आणि मी न निवडताच आदरार्थी बोलून गेले होते.

तिने माझ्या मनगटाला हात लावला. "मी मामा म्हटलं नाही."

"इथे सगळे तसंच—"

"आमच्या भाषेतही मामा म्हणजे आईचा भाऊ. माझ्या मामाने मला सीमेपर्यंत आणून सोडलं आणि तो माघारी गेला. पुढचं मला माहीत नाही. तो शब्द ह्याला देऊ नकोस."

मालक आमच्याकडे बघत होते. "काय म्हनत्यात?"

मी पुन्हा सुरुवात केली. "वॉचमन हिच्या खोलीचं दार उघडतो. न विचारता. ती आत असताना. आणि उभा राहतो." 'तो' म्हणणं मला जड गेलं. "हिला दुसरी किल्ली स्वतःकडे हवी आहे."

"अवो मॅडम, त्यो काय भाईरचा हाय का? आमच्या पोरांचा सख्खा मामा हाय." म्हणजे तो मालकीणबाईंचा भाऊ. हे मला तोवर माहीत नव्हतं. मेथी निवडणारे हात थांबले होते. "गिझर बघाय जातोय बिचारा. आन त्याला तर डोळ्यानं बी धड दिसत न्हाई."

"दिसत न्हाई तर गिझर काय हुंगून बघतोय का?" मालकीणबाई म्हणाल्या.

"अगं, तुझाच भाऊ हाय."

"व्हय. भाऊ माझा, मामा माझ्या पोरांचा. हिचा कोन लागतोय त्यो?"

मालकीणबाई उठल्या, पदराला हात पुसले आणि फळीवरच्या किल्ल्या बघू लागल्या. "कंची गं तुजी?" त्यांनी तिला थेट विचारलं. भाषांतराची गरज पडली नाही, तिने बोट दाखवलं. बाईंनी ती किल्ली काढून तिच्या हातात दिली. मग जरा थांबून दुसऱ्या मजल्याच्या उरलेल्याही काढून तिच्याकडेच दिल्या.

"आन आग-बिग लागली तर?" मालक म्हणाले.

"तर हाक मारा. तोंड हाय तिला." त्या परत मेथीकडे वळल्या. "आन कडीला सुतार बोलवा. तुमच्या मेव्हन्याला नगा धाडू."

मी हे सगळं इंग्रजीत सांगितलं. हुंगून बघण्याचं मात्र राहिलं, कारण ती तोवर किल्ल्या घेऊन जिन्यात पोचली होती.

वॉचमन बदलावा असं संस्थेने मालकांना कळवलं. त्यांनी बराच वेळ लावला, मग त्याला शेजारच्या माण गावातल्या आपल्या बांधकामावर पाठवलं. मधल्या काळात मी एकदा गेले तेव्हा तो गेटवरच होता.

"काय मॅडम, आज उशीर?"

एरवी माझं "हो मामा" ठरलेलं असायचं. "दुसऱ्या मजल्यावर चाललेय," एवढंच म्हणून मी वर गेले.

दार वाजवलं. ओढल्याचा आवाज आला नाही. आधी तिने कोण आहे ते विचारलं, मी सांगितलं, मग नवी कडी सरकली. घट्ट होती, तिला दोनदा ओढावी लागली. सिलिंडर शेगडीजवळ होता. कडीचा आवाज खालच्या मजल्यापर्यंत जाण्याइतका नव्हता.