घरच्या माणसांची जागा

सांगलीला आमच्या क्लबाचं फुटबॉलचं मैदान नदीच्या अंगाला होतं. मैदान आपलं नावाला. एका बाजूला उसाचा फड थेट चुन्याच्या रेघेपर्यंत आलेला, तिकडं माणूस बसवता येत नसे. एका टोकाला ओढा. उरलेल्या जागेत जेवढी माणसं बसतील तेवढीच तिकिटं काढायची, आणि ती किती हे ठरवायचं काम माझ्या यजमानांकडे होतं. ते हळदीच्या पेठेत दिवाणजी होते. चेंडूला त्यांनी जन्मात पाय लावला नाही, पण माणसं बसवायचं त्यांना कळायचं. कुणाच्या घरी लग्न असो, कुस्त्यांचं मैदान असो, बैठक घालायला आणि पंगती लावायला लोक त्यांनाच बोलावून न्यायचे.

त्यांचं माप जाजमाचं होतं. देवळातली जाजमं क्लबाला मिळायची. सामन्याच्या आधी ते एक जाजम आमच्या अंगणात पसरायचे आणि शेजारपाजारच्यांना त्यावर बसवून बघायचे. मलाही बसायला लागायचं. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं, कारण शेजारीण मोठ्यानं म्हणायची, "आवं दिवाणजी, तुमची कारभारीण आंग चोरून बसलीया, तिच्या मापानं तिकिटं काढशिला तर आमी काय मांडीवर बसायचं?" सगळे हसायचे. यजमानही हसायचे, पण माप धरताना ते शेजारणीचंच धरायचे. म्हणूनच त्यांच्या मैदानावर कधी रेटारेटी झाली नव्हती.

माझा पाठचा भाऊ पलटणीत जायच्या आधी आमच्याकडेच राहायला होता. हळदीच्या वखारीत पोती उचलायचा आणि संध्याकाळी क्लबात खेळायला जायचा. खेळ त्याला तिथंच लागला. पुढं लढाई सुरू झाली, भरतीवाले आले, आणि आमच्या शिराळ्याकडच्या गावातली निम्मी पोरं गेली तसा तोही गेला. गेल्यावर एकदाच रजा मिळाली. ती संपायच्या दिवशी क्लबानं सामना ठेवला, कारण त्याच्यासारखे आणखी दोघेतिघे रजेवर आले होते आणि मिरजेचा संघ खेळायला तयार होता. सामना संपला की त्यांनी परस्पर मिरज स्टेशनवर जायचं होतं.

आई गावाहून आली ती एवढ्यासाठीच. त्याला रजेत गावी चारच दिवस राहता आलं होतं, तेही अर्धे पाव्हण्यारावळ्यांत गेले. तो तिला म्हणाला होता, "आये, तू मला पोती उचलताना बगितलंस, नांगर धरताना बगितलंस, खेळताना कवा बगितलंच न्हाईस. एकदा बग, मंग मी जातो." तिनं ते मनावर घेतलं. बैलगाडीनं निघाली, पुढं मोटारीनं आली. अंगात ताप होता तरी आली. येताना दहीभात बांधून आणला होता. आल्या आल्या मला विचारलं, "खेळताना जेवायला कवा सोडत्यात गं?"

"जेवायला नाही सोडत. मध्ये थोडं पाणी प्यायला सोडतात म्हणे."

"आन् पोटात काय न्हाई तर पळायचं कसं?"

मला तरी काय माहीत होतं? यजमान क्लबाचे, पण मीही सामना कधी बघितला नव्हता. बायका मैदानावर जात नसत. या खेपेला पहिल्यांदाच बायकांसाठी ओढ्याच्या बाजूला जागा ठेवायचं ठरलं, कारण रजेवर आलेल्यांच्या आया-बहिणींना बघायचं होतं. मग गावातल्या मोठ्या घरांना सोडून कसं चालेल, म्हणून त्यांनाही तिकिटं द्यायची ठरली. द्यायची कशी? क्लबाचे जे मोठे होते त्यांच्या घरच्या बाई म्हणाल्या, बायकांना नुसता कागद कसा हातात द्यायचा, कुंकू लावून बोलवायला पाहिजे. त्याप्रमाणे त्या घरोघर कुंकू लावत हिंडल्या आणि घरटी एक तिकीट देऊन आल्या. यजमानांनी तेवढ्याच बायकांची जाजमं मोजून अंथरली. आईला आणि मला दोरीजवळ, अगदी पुढं जागा ठेवली. भावाला सांगितलं, ओढ्याकडच्या कोपऱ्यात बघ, तिथं असतील. तो म्हणाला, "आक्का, आये पदर डोळ्यांवर ओढून बसंल. तिला म्हणावं, वर घे."

त्या दिवशी आम्ही लवकर जाऊन बसलो. आई जाजमावर हात फिरवून म्हणाली, "देवळातलं हाय न्हवं? मंग पाय आत घे." आणि पाय आखडून बसली. दोरीच्या पलीकडं गवत कापून चुना टाकलेला. पोरं अजून आली नव्हती.

मग बायका यायला लागल्या. कुंकू लावून बोलावलेली बाई एकटी कधी येते का? सासूबरोबर सुना आल्या, सुनांबरोबर माहेराला आलेल्या नणंदा, त्यांची पोरं, आणि घर राखायला ठेवलेली म्हातारीसुद्धा. एका तिकिटावर एक घर. फाटकातल्या माणसानं अडवलं तर एक बाई म्हणाली, "आमच्या कपाळाला कुंकू लावून बोलावलंय, आन् आता दारातनं माघारी धाडताय व्हय?" त्यानं वाट सोडली. जाजमं भरली, जाजमांच्या मधली वाट भरली, मागची पोरं ओढ्यात उतरायला लागली. क्लबाचे मोठे कपाळाला हात लावून यजमानांना म्हणाले, "पाव्हण्यांना उभं ठेवू नका म्हणजे झालं."

यजमान आमच्याकडं आले. मी त्यांच्या तोंडाकडं बघितलं आणि मला कळलं. ते आईपुढं वाकले. आवाज इतका बारीक की मलाच जेमतेम ऐकू आला.

"मामी, जरा उठता का? पाव्हण्यांना जागा व्हईना. आपली माणसं मागनं बसू."

आई त्यांचं बोलणं पुरं व्हायच्या आधीच उठली. "उठती की जावईबापू, त्यात काय? घरच्यांनी आधी बसायचं व्हय कुठं? मला आधीच कळाय पायजे हुतं." तिला खरोखरच लाज वाटली, आपण पुढं जाऊन बसलो याची. आमच्या जागेवर एका मोठ्या घरच्या दोघी बसल्या. एकीच्या मांडीवर पोर होतं.

आम्ही मागं सरलो. मागं जागा नव्हती, तेव्हा आणखी मागं. शेवटी बांबूच्या तट्ट्याबाहेर आलो, आणि आत आणखी कुणी येऊ नये म्हणून यजमानांनी फाटक लावून घेतलं.

बाहेर बाभळीखाली एक टांगेवाला टांग्यावर उभा राहून तट्ट्यावरून आत बघत होता. त्याच्या घोड्यापासून थोडं लांब आई खाली बसली. दहीभाताचं गाठोडं मांडीवर. चेहरा अगदी शांत. मला म्हणाली, "बस की. त्यांचं झालं की आपुन बसू."

मी तिच्याकडं बघत राहिले. तिच्या मनात पंगत होती. जन्मभर तिनं तेच केलं होतं. पाव्हणे जेवायचे, गडी जेवायचे, मग पत्रावळी उचलून, जागा सारवून घरच्या बायका बसायच्या. उशीर व्हायचा, भाजी संपलेली असायची, पण बसायच्या. यजमानही आयुष्यभर पंगतीच लावत आले होते, आणि "मागनं बसू" म्हणताना त्यांच्याही मनात तेच असणार. मला वाटलं, हिला सांगावं की इथं तसं नसतं. पण मला तरी नक्की कुठं ठाऊक होतं? मीही तिच्याशेजारी बसले.

आत शिट्टी झाली. मग नुसते आवाज. चेंडूला पाय लागला की धप्प असा आवाज यायचा आणि माणसं ओरडायची. आई प्रत्येक वेळी मान वर करायची. तिच्यापुढं फक्त तट्ट्या होता, आणि त्यावर उसाचे शेंडे हलताना दिसायचे.

बऱ्याच वेळानं सगळं थांबलं. तट्ट्याच्या फटीतून माणसं उठताना दिसली. आई लगबगीनं उभी राहिली, पदर झाडला, गाठोडं उचललं. "उठली बग. चल लौकर." ती फाटकापर्यंत गेली. आत लोक पाणी पीत होते, आळस देत होते. मग जो तो आपापल्या जागी परत बसला. आई फाटकाला धरून उभी होती.

"ही तर पुन्ना बसली की गं."

आम्ही बाभळीखाली परत आलो. त्यानंतर ती मान वर करेना. गाठोड्याची गाठ सोडायची, पुन्हा बांधायची.

सामना संपत आला असेल तेव्हा आत एकदम एवढा कल्लोळ झाला की घोडा बुजला. टांगेवाला टांग्यावर नाचायलाच लागला. "गोल! आरं काय मारला गड्यानं! डाव्या पायानं, कोपऱ्यात!"

आईनं त्याला विचारलं, "कुणी मारला रं बाबा?"

"त्यो न्हाई का मिलिट्रीतला, रजेवर आलेला. लय उंच हाय बगा."

"ते माझं लेकरू."

टांगेवाला म्हणाला, "आवं मावशे, मंग खाली काय बसलाय? या वर, हात द्या. अजून वाईच टाइम हाय." आणि त्यानं हात पुढं केला. आई उठली. एक पाय पायरीवर ठेवला. मग फाटकाकडं, तिथं मैदानाकडं पाठ करून उभ्या असलेल्या यजमानांकडं तिनं बघितलं आणि पाय खाली घेतला. "नगं रं बाबा. चार लोकांत जावयाची मान खाली जाईल."

शेवटची शिट्टी झाली तशी आतली माणसं फाटकावर लोटली. त्या गर्दीत भाऊ चिखलानं भरलेला, आम्हाला शोधत आला. बरोबरचे दोघे ट्रंका घेऊन घाई करत होते.

"आये! कुठं बसलीवतीस? मला कोपऱ्यात दिसली न्हाईस."

"गर्दी किती हुती रं. बायकांच्या मागं."

"बगितलंस मंग?"

"बगितलं की."

तो लहानपणापासून तिची फिरकी घ्यायचा. म्हणाला, "सांग बरं, कुठल्या पायानं मारला?"

"डाव्या," आई म्हणाली. "त्या कोपऱ्यात."

तो असा हसला की अजून माझ्या डोळ्यांपुढं आहे. "बगितलंस मंजे! आक्का, बगितलं की गं आयेनं!" त्यानं यजमानांना वाकून नमस्कार केला. म्हणाला, "दाजी, आयेला जागा दिलीसा, लय झालं." यजमानांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. दहीभाताचं गाठोडं घेऊन तो टांग्यात बसला. त्याच टांग्यात. टांगेवाल्यानं आमच्याकडं बघितलं आणि लगाम उचलला.

तो लढाईतून परत आला नाही. गावी तार आली, ती आईला दुसऱ्यानं वाचून दाखवली. कुठं गेला, कसा गेला, हे आम्हाला नीट कधी कळलं नाही.

त्याचा तो गोल आमच्या घरातल्या कुणीच बघितला नाही. यजमानांची तर पाठ होती, ते फाटक धरून उभे होते. पुढं एकदा आईनं मला आमच्या जागी बसलेल्या बाईंकडं न्यायला लावलं, त्यांनी काय बघितलं ते ऐकायला. त्या भल्या होत्या, चहा दिला. म्हणाल्या, "खरं सांगू का, तेव्हा नेमकं पोर रडायला लागलं होतं. लोक ओरडले तेव्हा मी वर बघितलं." आईनं कप खाली ठेवला आणि म्हणाली, "ऱ्हाऊ द्या, पोराचं तसंच असतं."

गावी मात्र ती सगळ्यांना सांगायची. माझ्या लेकानं डाव्या पायानं मारला, कोपऱ्यात. बघितल्यासारखं सांगायची. एकदा मी एकटी तिच्याजवळ होते तेव्हा म्हणाली, "ल्हान असताना डाव्या हातानं जेवायचा. मी त्या हातावर लय मारलं." एवढंच बोलली आणि विळीवर बसली.

यजमानांनी पुढच्या साली तिकिटांचं काम सोडलं. लग्नाकार्यातल्या पंगती मात्र ते लावत राहिले. आमच्या घरी काही कार्य असलं आणि आई आलेली असली, की ते पहिल्या पंगतीला पहिला पाट तिचा मांडायचे आणि स्वतः हात धरून तिला बसवायचे. पाव्हणे ताटकळत उभे असायचे. कुणीतरी टोमणा मारायचंच, "दिवाणजी, नवीन रीत काढलीसा व्हय? घरचीच आधी?" यजमान वाढत राहायचे. आई गच्च अंग चोरून त्या पाटावर बसायची. पाव्हण्यांकडं बघायची, मग पानाकडं. तिच्यानं घास गिळवायचा नाही, आणि जावयाला वाईट वाटेल म्हणून उठायचीही नाही.