बिरूचा हुंकार

नवीन जालन्यातल्या एका कॉलेजात बिरू पदार्थविज्ञान विभागाचा शिपाई होता. १९८८ साली त्या विभागात एक गणित अडलं होतं. वाळूचा ढीग नेमका कधी घसरतो, एवढंच सांगायचं होतं. कुठल्याही गवंड्यानं लाथ मारून सांगितलं असतं; पण प्राध्यापक तातेराव सरांना ते लाथेवाचून, कागदावर हवं होतं, आणि त्यात त्यांची तीन वर्षं गेली होती.

अडलेलं गणित कुणाला तरी समजावून सांगावं, सांगता सांगता ते सुटतं, अशी सरांची पद्धत. पण विभागातल्या दोघा तरुण प्राध्यापकांच्या नोकऱ्या कायम व्हायच्या होत्या आणि शिफारस सरांच्या हातात. फळ्यावर ओळ उतरायच्या आधीच दोघं "वा सर!" म्हणायचे. नंदीबैलापुढं गणित किती दिवस मांडणार? शेवटी कॉलेज सुटल्यावर सर बिरूलाच स्टुलावर बसवू लागले.

बिरू धनगराघरचा. मेंढरांमागं हिंडताना बाप रायभान गोष्टी सांगायचा आणि बिरू हुंकार द्यायचा. गोष्टीतलं कुणी मधेच गायब झालं की हुंकार बंद. मग बाप गोष्टीत मागं जाऊन त्या हरवलेल्याला घेऊन यायचा. फळ्यावरचं बिरूला ओ का ठो कळत नव्हतं. पण ओळीत कोण आलं, कोण गेलं, यावर त्याची बरोबर नजर असायची.

"सर, ते शेपटीवालं अक्षर वर व्हतं. खाली दिसून न्हाई राह्यलं," तो म्हणायचा, आणि सर कपाळावर हात मारून घ्यायचे.

एका संध्याकाळी गणित सुटलं. सहाव्या ओळीत शेपटीवालं अक्षर पुन्हा गळालं होतं, बिरूनं ते पाहिलं. पण सर हसत होते. बिरू म्हणाला, "हं."

त्यावरचा लेख परदेशी मासिकाकडं गेला आणि सात महिन्यांनी परत आला. सहावी ओळ चूक. दोघं प्राध्यापक म्हणाले, परदेशातल्यांना काय कळतंय!

"सर, मला दिसल्तं ते," बिरू म्हणाला. त्याला बापाची आठवण येऊन फार लाज वाटत होती.

"मग बोलला का नाहीत, बिरूभाऊ?"

"तुमी हसून राह्यलते. तीन वर्सांत पैल्यांदा."

सरांनी स्टूल उचलून पार फळ्याजवळ ठेवलं. "पाचव्या ओळीपासून सांगतो. फळ्याकडं बघायचं. माझ्या तोंडाकडं नाही."

या खेपेला सर वेगळ्या वाटेनं गेले. सहावी ओळ लिहून थांबले. शेपटीवालं अक्षर याही ओळीत नव्हतं. हुंकार बिरूच्या ओठांशी आला होता. तो त्यानं गिळला.

सरांनी डस्टर उचललं.